आई खाणीत उतरली तो वीकेंड

बाबा गेल्यानंतर जवळपास वर्षाने आई आमच्याकडे मँचेस्टरला आली. व्हिसा सहा महिन्यांचा होता, पण दुसऱ्याच महिन्यात ती तिकीट बदलून दे म्हणायला लागली. तक्रार कसलीच नव्हती. सकाळी अंघोळ, देवपूजा, मग आमच्या डब्याच्या पोळ्या. आम्ही घराबाहेर पडलो की खिडकीशी खुर्ची ओढून बसायची आणि समोरून जाणाऱ्या ट्राम बघत राहायची. संध्याकाळी परत आलं की त्याच खुर्चीत. काय केलंस दिवसभर, विचारलं तर म्हणायची, "बसली होती."

बाबांची सगळी नोकरी चंद्रपूरजवळच्या एका कोळशाच्या खाणीत झाली. तिकडे खाण कोणी म्हणत नाही, खदान म्हणतात. आम्ही खदानीच्या कॉलनीत राहायचो. भोंगा वाजला की पाळी बदलायची, आणि त्या भोंग्यावरच आईचा कुकर, आईची झोप, आईचं सगळं चालायचं. बाबा घरी खदानीबद्दल चकार शब्द काढत नसत. मोरीत अंग घासून काळं पाणी वाहून गेलं की त्यांची खदान संपली.

माझ्या मुलीच्या शाळेत कोळशाच्या खाणींवर प्रोजेक्ट झाला. त्यात तिला कळलं की वेल्समध्ये एका बंद झालेल्या खाणीत लोकांना खाली नेऊन दाखवतात. आजोबांच्या खदानीसारखी खाण बघायची, असा तिने धोशाच लावला. माझ्या नवऱ्याला ते पटलं नाही. तो हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, त्या वीकेंडला त्याची ऑन-कॉल ड्यूटी होती, म्हणजे आम्ही तिघीच जाणार होतो. आई आत्ता कुठे जरा सावरतेय, तिला कशाला तिथे न्यायचं, असं त्याचं म्हणणं. मलाही तेच वाटत होतं. शेवटी मी सरळ आईलाच विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण तव्यावरची पोळी मात्र करपली.

"बायकांना उतरू देतात?" तिने विचारलं.

"देतात की. सगळ्यांना देतात."

"मग जाऊ."

शुक्रवारी मी हाफ डे टाकला आणि मुलीला शाळेतून घेऊन आम्ही तशाच निघालो. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांमध्ये पोचेपर्यंत पाऊस पडून गेला होता. गाव अगदी छोटं. चढावर एकाला एक चिकटून दगडी घरांच्या रांगा, खाली एक रस्ता, त्यावर चिप्सचं दुकान, केमिस्ट, एक बंद पडलेलं चॅपल. गावामागे हिरवागार डोंगर. मी म्हटलं, काय सुंदर डोंगर आहे. आई काचेतून बघत म्हणाली, "डोंगर नाही तो, ढीग आहे. खदानीतून काढलेल्या मातीचा. आपल्याकडे बाभळी उगवल्या त्याच्यावर, इथे गवत." आल्यापासून एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

आम्ही उतरलो होतो त्या बेड अँड ब्रेकफस्टची मालकीण सत्तरीच्या पुढची होती. तिचाही नवरा खाणीत होता आणि आता नव्हता, हे तिने आमच्या बॅगा वर चढायच्या आधीच सांगून टाकलं. ती सगळ्यांनाच लाडाने लव्ह म्हणायची, आईलाही. ही मला काय म्हणते, असं आईने विचारलं, तेव्हा मी अर्थ सांगितला. आईने तिच्याकडे एकवार नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणू दे."

शनिवारी सकाळी आम्ही खाणीवर गेलो. खाली उतरायला आमच्याबरोबर आणखी काही पर्यटक होते. आईने साडीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट घातलं होतं आणि पायात स्पोर्ट्स शूज. गाइड स्वतः जुना खाणकामगार होता, शाळा सुटल्यावर थेट इथेच लागलेला, धिप्पाड, बोलायला मऊ. फोन, घड्याळं, बॅटरीचं जे जे असेल ते सगळं त्याने वरच ठेवायला सांगितलं. खाली वायू असतो, एक ठिणगीही चालत नाही. मग हातमोजे, दिव्याचं हेल्मेट आणि कमरेला त्या दिव्याच्या बंदिस्त बॅटरीचा जड पट्टा. आईच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. त्याने हेल्मेटचा पट्टा सैल करून ते स्वतः तिच्या डोक्यावर ठेवलं आणि दिवा लावून दिला. आईने वर हात नेऊन तो दिवा चाचपला. बाबांच्या टोपीवरचा तसलाच दिवा तिने आयुष्यभर लांबूनच पाहिलेला.

लिफ्टसारखा लोखंडी पिंजरा खाली जायला लागला तसे कानात दडे बसले. दगडांतून पाणी ठिबकत होतं. मुलगी आजीला चिकटून उभी होती. तिने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं,

"आजी, तू घाबरला?"

"नाही गं. तू घाबरलीस वाटतं."

खाली गार हवा होती आणि पायाखाली चिखल. छत इतकं खाली की गाइडला वाकून चालावं लागत होतं, आईला नाही. तो दाखवत पुढे जात होता आणि मी भराभर मराठीत सांगत होते. गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले. हवा अडवायचे लाकडी दरवाजे. एका जागी थांबून त्याने सांगितलं की फार पूर्वी इथे बायका आणि मुलीही काम करायच्या, कमरेला साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढायच्या, मग कायदा झाला आणि त्यांना बंदी आली. आईने मला ते पुन्हा सांगायला लावलं. आमच्या कॉलनीत बाईची सावलीही खदानीच्या तोंडाशी चालायची नाही, अपशकुन म्हणायचे.

आणखी आत गेल्यावर गाइडने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. एकेक दिवा विझला. असा काळोख मी आधी कधी पाहिला नव्हता. डोळ्यांपुढे हात धरला तरी तो दिसत नव्हता. मुलीने माझं जाकीट घट्ट धरलं. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. थोड्या वेळाने गाइड म्हणाला, आता लावा.

"थांब म्हणावं त्याला," आईचा आवाज आला. "थोडा वेळ राहू दे अजून."

मी इंग्रजीत सांगितलं. तो थांबला, बाकीचेही थांबले. त्या अंधारात आईचा श्वास मला ऐकू येत होता, शांत, एका लयीत. मग ती म्हणाली, "झालं." दिवे लागले.

बाकीचे लोक पुढे यंत्रं बघायला गेले तेव्हा गाइड आमच्याजवळ थांबला. ठीक आहात ना, त्याने आईला विचारलं. माझे वडील खाणीत होते, हे मी त्याला सांगितलं. तेवढ्यात आई आपणहून बोलायला लागली. मी तिचं एकेक वाक्य त्याला सांगत गेले आणि तसतसं मलाही कळत गेलं, कारण हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

मी तिच्या पोटात होते तेव्हाची गोष्ट. भोंगा भलत्याच वेळेला वाजला. छत कोसळलं होतं. कॉलनीतल्या सगळ्या बायका खदानीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आईला कोणीतरी बसायला सिमेंटचं पोतं दिलं, ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बाबा वर आले. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, झोपले. पुढच्या आठवड्यात परत पाळीला. खाली काय झालं ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही, आणि मी जन्मल्यावर मलाही यातलं काही कळता कामा नये, एवढंच बजावलं.

"मी विचारायची," आई म्हणाली, "तर म्हणायचे, अंधार असते, दुसरं काय. मला वाटायचं, सातवी शिकलेली बाई, हिला काय कळते, म्हणून सांगत नाहीत."

हेही वाक्य मी इंग्रजीत सांगितलं. गाइडने माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत उत्तर दिलं.

"मीही माझ्या बायकोला कधी काही सांगितलं नाही. आमच्यातलं कोणीच सांगत नव्हतं. घरी एक जागा अशी हवी होती, जिथे खाण नाही. ती जागा म्हणजे माझी बायको होती."

मी ते आईला मराठीत सांगितलं. तिने मान हलवली, हातमोज्यांनी डोळे पुसले आणि त्यामुळे दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले. मग तिने विचारलं की लोक डबा खायला कुठे बसायचे.

गाइड एकदम खुलला. त्याने आम्हाला भिंतीलगत बसायला ठोकलेली एक फळी दाखवली. उंदरांना उघडता येऊ नये म्हणून कामगार पत्र्याच्या डब्यात ब्रेड आणायचे. हात धुवायची सोय नव्हती, काळ्या बोटांनीच खायचं. आणि कोणीही स्वतःचा डबा एकटा खात नसे. त्याच्या एका सोबत्याची बायको केक फार छान करायची, त्या केकसाठी रोज भांडणं. बिचाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला घास यायचा तर यायचा.

आई त्या फळीवर बसली. "हे मला दोन भाकरी जास्त मागायचे," ती म्हणाली. "आणि जवसाची चटणी तर डबीभर. मी म्हणायची, एवढी खाता कशी बाप्पा, पोट बिघडेल. म्हणजे सगळी टोळीच खात होती माझी चटणी." आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. बाबा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. गाइडला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसत होता.

त्या संध्याकाळी मुलीला अंघोळ घालून मी खाली आले, तर स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येत होता. मालकीणबाईंनी गॅसवर लोखंडाचा जाड, सपाट तवा ठेवला होता आणि त्यावर मनुका घातलेल्या छोट्या गोड टिक्क्या भाजत होत्या. त्यांना उलथनं सापडेना. आईने पुढे होऊन दोन बोटांनी एकेक टिक्की अलगद उलटली. मालकीणबाई आ वासून बघत राहिल्या, मग स्वतःही करायला गेल्या आणि बोट भाजून घेतलं. आई त्यांचा हात नळाखाली धरून उभी राहिली. एक इंग्रजीत बोलत होती, दुसरी मराठीत, आणि दोघी आपापल्या नवऱ्याबद्दलच बोलत होत्या. मी दुभाषी म्हणून आत जाणार होते, पण माझी काही गरज दिसली नाही. जिन्यातच बसून राहिले.

रविवारी नाश्त्याला आई दिसेना. खिडकीतून बघितलं तर त्या गवताळ ढिगाऱ्याच्या पायवाटेने दोघी वर चढत होत्या, मालकीणबाईंचा कुत्रा पुढे. परत आल्या तेव्हा आईच्या साडीचा काठ ओला झाला होता आणि नाक लाल. वरून किती लांबचं दिसतं, ते ती मुलीला हात पसरून दाखवत होती.

मँचेस्टरकडे परतताना गाडीत मी तिकिटाचा विषय काढला. बदलायचं असेल तर या आठवड्यात बदलावं लागेल, म्हटलं. आई म्हणाली, "राहू दे. आहे ते ठीक आहे." पुढच्या सोमवारी ती ट्रामने एकटी मंडईत गेली आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आली.

ती ऑक्टोबरमध्ये परत गेली. दिवाळीनंतर एकदा फोनवर तिने सहज सांगितलं की ती खदानीच्या मॅनेजरसाहेबांना भेटून आली. आता आपल्याकडेही बायका खाली काम करतात, कॉलनीतल्याच एकीची मुलगी इंजिनिअर होऊन रोज उतरते. मग ज्यांचे नवरे जन्मभर खाली गेले, त्यांना एकदा बघायला का मिळू नये, असं तिने त्यांना विचारलं होतं. साहेबांनी आधी नियम सांगितले. मग ती आणखी चार जणींना घेऊन गेली. फेब्रुवारीत परवानगी मिळाली.

उतरायच्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते, मीटिंग सोडून बाहेर आले. पाचही जणी हेल्मेट घालून, साड्या खोचून खदानीच्या तोंडाशी उभ्या होत्या. शेजारच्या मावशींना कमरेचा पट्टा बांधता येत नव्हता. आई त्यांचा पट्टा आवळून देत होती आणि दिवा कुठून लागतो, ते समजावून सांगत होती.

"फोन वर ठेवावा लागते," ती मला म्हणाली. "चल, आम्ही निघालो."