आपन रनाळाना शेतस

रनाळ्याहून नंदुरबार स्टेशनापर्यंत आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलगाडी स्वतः हाकली. एरवी गड्याला पाठवलं असतं. मी मागे बसले होते. मांडीवर तीन वर्षांची सुमन, पायाशी ट्रंक आणि वाळल्या मिरच्यांचं बोचकं. सासूला आम्ही सगळे मायच म्हणायचो. तीही गाडीत होती. आगगाडी फलाटाला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "तठे आपलं कोनी नही, बेटा. सगयासंगे हासीबोली ऱ्हाय."

लढाईचे दिवस होते. सुमनच्या बाबांना पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी लागली होती. शेती सोडून पगारावर जाणारे आमच्या घरातले ते पहिलेच. मिरच्यांच्या खकाण्याने डब्यात सगळ्यांना शिंका सुटल्या, तेव्हा ते शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "क्षमा करा हं, गावच्या मिरच्या आहेत." धुळ्याला बोर्डिंगात राहून ते मॅट्रिक झाले होते, त्यांना पुस्तकातलं बोलता येतं हे मला ठाऊक होतं. पण जळगावला गाडी बदलली तोवर ते माझ्याशीही तसंच बोलू लागले होते.

लोक विचारतात, पुण्यात पहिली वर्षं कशी गेली. खरं सांगायचं तर लाजण्यात गेली. चाळीतल्या बायका वाईट नव्हत्या. पण नळावर मी "पानी उनं का?" म्हटलं की त्या एकमेकींकडे बघत, आणि मग बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश उत्तर देत. पाणी आलं का, हे मी विचारणंच सोडलं. घागर घेऊन जायचं आणि डोळ्यांनी बघून यायचं.

माँटेसरी हा शब्द मी तिथेच ऐकला. कचेरीतल्या हेडक्लार्कांचा नातू माँटेसरीत जातो, तेव्हा आपली सुमनही गेली पाहिजे, असं यांनी ठरवलं. शाळा जवळच होती. स्वच्छ, उजेडाची, मुलांच्या उंचीची टेबलं. सुमनला आत सोडताच ती गुलाबी ठोकळ्यांपाशी गेली आणि मोठ्यावर लहान, त्यावर आणखी लहान, असा मनोरा रचत बसली. मला इतका आनंद झाला की मी पदराआड हसले. मग तिथल्या बाईंनी वाकून नाव विचारलं.

"मन्हं नाव सुमन शे," ती म्हणाली.

भिंतीशी बसलेल्या आयांमध्ये हसू पसरलं. कुणी खोडसाळपणे हसलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण इतर मुलं तिचं उचलतील. घरी थोडं शुद्ध बोलत जा, आणि दिवाळीनंतर आणा." मी मान हलवली. काय शुद्ध आणि काय अशुद्ध, हे विचारायला मला ज्या भाषेत तोंड उघडावं लागलं असतं, तीच भाषा तर त्यांना नको होती. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

त्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. जेवताना हे सुमनला थांबवत. "माले नाही, मला. पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणायची. मग एकदा म्हणता म्हणता अडकली, आणि त्यानंतर तिने मागणंच बंद केलं. भूक लागली की डब्याकडे बोट दाखवायची, तहान लागली की माठापाशी जाऊन उभी राहायची. रनाळ्याच्या अंगणात कोंबड्यांशीसुद्धा भांडणारी माझी पोर. चाळीतली एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "मुकी आहे का हो?" आम्ही मायलेकी दोघीही मुक्याच झालो होतो.

त्याच म्हातारीने सांगितलं, नदीपलीकडे एक बाई दोन खोल्यांत माँटेसरी चालवतात, पण तिथे कोणाचीही मुलं येतात. सांगितलं ते सावध करायला. मी दुसऱ्याच दिवशी सुमनला घेऊन गेले.

टेबलं नव्हती, सतरंज्या होत्या. टांगेवाल्याचा मुलगा आणि वकिलांची मुलगी एकाच परातीतले मणी ओवत होती. बाईंनी सुमनला काहीच विचारलं नाही. तिच्यापुढे दोन लहान तांबे ठेवले आणि स्वतः दूर बसल्या. सुमन एकातलं पाणी दुसऱ्यात ओतू लागली. तांबा कलंडला. ती घाबरून माझ्याकडे बघू लागली. बाईंनी फक्त फडकं पुढे केलं. सुमनने फरशी पुसली, फडकं पिळलं आणि कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली, "सांडी गयं."

मी घाईघाईने म्हणाले, "माफ करा, आम्ही तिकडचे, खानदेशातले."

"त्यात माफी कसली?" बाई म्हणाल्या. "सांडलं, तिने पुसलं, आणि मला सांगितलं. मला सगळं कळलं."

घरी सांगितल्यावर हे चिडले. "हेडक्लार्कांना काय सांगू? टांगेवाल्याच्या पोराबरोबर बसवली म्हणून?" लग्न झाल्यापासून मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हणाले, "ती तिथे बोलली. तुम्ही एकदा बघून या. मग नाही म्हणा."

रविवारी शाळा बंद असताना बाईंनी आम्हाला बोलावलं. हे कोट घालून सतरंजीवर अवघडून बसले. बाईंनी सहज विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"नाशिकचे आम्ही," हे म्हणाले.

माझी मान खाली गेली. सुमन मणी ओवत होती. तिने वर बघितलं आणि त्यांच्या चुकीची दुरुस्ती केली, अगदी ते तिची करायचे तशीच शांतपणे: "नही बाबा. आपन रनाळाना शेतस."

यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नवऱ्याचा राग यावा की कीव, हे मला कळेना; मला फक्त त्यांची लाज माझ्याच अंगावर आल्यासारखी वाटली. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली आणि सुमनला आणखी मणी दिले. तेवढं त्यांनी केलं, हे मी कधी विसरणार नाही.

परतताना पुलावर हे थांबले. मग म्हणाले, "सकायपाईन तिले तठेच धाड." उद्यापासून तिला तिथेच पाठव, एवढंच; पण पुण्यात आल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा आपल्या बोलीत बोलले होते.

सुमन आता मराठी दुसरीत आहे. शाळेत एक बोलते, घरी दुसरं, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं. दुकानात वाक्य आधी मनात जुळवते, मग बोलते.

पण त्याहून मोठी लाज मला गेल्या उन्हाळ्यात रनाळ्यात वाटली, आणि आज लिहायला बसले ते त्यासाठी. माझी धाकटी जाऊ इंदू ओट्यावर होती. एका चुलीवर आम्ही वर्षानुवर्षं ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या. मला बघताच तिने पदर सावरला, आठवून आठवून शब्द जुळवले आणि म्हणाली, "बसा ना ताई. चहा घ्याल का?"

मामलेदाराच्या बायकोशी बोलावं तशी बोलली. मी काही म्हणायला गेले, तर माझ्याही तोंडून पुण्याचंच आलं. आम्ही दोघी समोरासमोर, परक्या भाषेत, चहा घेत बसलो.

इंदू, घर कुठलं असं मला हल्ली कोणी विचारलं तर गावाचं नाव सांगते, पण मनात म्हणते, जिथे बोलण्याआधी थांबावं लागत नाही ते. म्हणून एवढंच ऐक. मी चुकले तर चुकू दे, हसलीस तरी चालेल. पण पुढच्या खेपेला मला "बसा" म्हणू नको. बठ म्हन. मी बठसु.