पिवळ्या दोऱ्याचं पुस्तक

“बाईंनी दिलं.”

एवढंच म्हणाले मी. शाळेच्या पायरीवर उभी राहून, सगळ्यांच्या देखत. गंगूच्या आईनं भाकरीच्या चिमट्यात धरून आणलेलं पुस्तक तिथंच मातीत टाकलेलं होतं, आणि ‘हे माझ्या पोरीला कुणी दिलं’ असा तिचा सवाल होता. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पुस्तक मी दिलं होतं.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढं तरी बोलले का? नाही. देवापुढंही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव सिंदफणेच्या काठी, माजलगावच्या अलीकडं. मुलींची शाळा एका धाब्याच्या घरात, दोन खोल्यांची. शिकवायला बाई एकट्याच. देखरेख मुलांच्या शाळेतल्या मोठ्या मास्तरांची. बाई मोमिनाबादच्या होत्या, ज्याला आता अंबाजोगाई म्हणतात. विधवा. दिराच्या घरी राबायचं नाही म्हणून मास्तरीण झालेल्या. हे त्या स्वतःच सांगायच्या, आडपडदा नाही. “ही नोकरी गेली की जातं आहे आणि मी आहे,” म्हणायच्या आणि हसायच्या. आम्ही पण हसायचो. जातं सगळ्यांच्याच घरी होतं, त्यात भ्यायचं काय ते कळत नव्हतं.

शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. बाई यायच्या आधी ते कायम बंद असायचं. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर मास्तरानं भरून द्यायचं — मग कोण उघडेल? मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की कुलूप निघायचं. पुस्तकं दाखवायची, पुन्हा कुलूप. वाळवीला तेवढी कुलपाची अडचण नव्हती.

बाईंनी ते कपाट उघडलं. त्यांच्याकडं एक पातळ चोपडी होती, हैदराबादेहून मागवलेली. शाळेत पुस्तकं कशी ठेवावीत, पोरांना कशी द्यावीत, असं त्यात होतं. ती वाचून त्या एकेक नवं काढायच्या. पुस्तकं अंगणात ऊन द्यायला काढली. फळ्यांवर कडुलिंबाचा पाला घातला. खालचा खण बारक्या पोरींचा, त्यांचा हात पोचावा म्हणून. आणि दोरे लावले. पुस्तकाच्या शिवणीत रंगीत दोरा ओवून त्याचं टोक बाहेर सोडायचं. लाल दोरा म्हणजे गोष्टी. काळा म्हणजे हिशेब-भूगोल. पिवळा म्हणजे देवाधर्माचं. ज्या पोरीला अजून अक्षर येत नाही तिलाही आपलं पुस्तक सापडायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पुस्तक घरी न्यायला मिळायचं. गावात असं कुणी ऐकलं नव्हतं. मोठे मास्तर म्हणाले, “बाई, पोरी चुलीत घालतील.” बाई म्हणाल्या, “घालू देत. वाळवीपेक्षा चूल बरी.”

पिवळा दोरा मात्र घरी जायचा नाही. तो शाळेतच वाचायचा. बाईंनी हा नियम चोपडीतून नाही, गाव बघून केला होता. कुणाच्या घरी कोण विटाळाची आहे, कोण नाही, पुस्तक कुठं ठेवतील — नस्ती भानगड नको.

कपाटाची चावी माझ्याकडं असायची. मी चौथीत होते, शाळेत मोठी. परकराच्या नाडीला बांधलेली असायची ती. चालताना मांडीला लागायची. मी मुद्दाम जोरात चालायची.

आता ते सांगते.

गंगू माझ्या वर्गातली, आमच्या घराच्या पाठीमागची. लग्न झालेलं होतं तिचं, न्हाण यायचं राहिलं होतं. ते आलं. तेव्हा असल्या पोरीला बाजूला बसवायचे. गंगूला गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसवलेली. शिवायचं नाही, कामाला हात लावायचा नाही, वरून भाकर टाकायची. मी भिंतीवरून डोकावले, तर ती वाळतं शेण बघत बसलेली.

“कौसे, एखादं पुस्तक दे की गं. लई कटाळा आला बघ.”

“कंचं?”

“ते रामाचं. सीता रानात बसली हाय ते चित्राचं.”

त्याला पिवळा दोरा होता. मला माहीत होतं. गंगू बाजूला बसली आहे, हे तर समोर दिसतच होतं. दोन्ही मला ठाऊक होतं. मग का दिलं? मैत्रिणीची दया आली म्हणून? — तसं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं नव्हतं. ती म्हणाली होती, “तुला न्हाई देता यायचं ते. बाई न्हाई म्हणतील.” तेवढ्यासाठी दिलं. चावी कुणाची आहे ते तिला दाखवायचं होतं. बाई जेवायला गेल्या तेव्हा काढलं आणि भिंतीवरून पोत्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं बघितलं. हातानं उचलायची सोय नव्हती, म्हणून चुलीजवळचा चिमटा घेतला. आख्ख्या गावातून चिमट्यात राम धरून ती बाई शाळेपर्यंत चालत आली. मागं बायका, पोरं, पाराजवळचे दोन-चार पुरुष. मोठे मास्तरही धावत आले.

“देवाचं पुस्तक विटाळशीच्या मांडीवर! कुणी दिलं गं? बोला की! दातखिळी बसली का समद्यांची?”

घरी गंगू काही बोलली नव्हती. कुणी दिलं ते तिनं आईला सांगितलं नव्हतं. बाईंनी पुस्तकाकडं बघितलं, दोरा बघितला आणि मग माझ्याकडं. त्यांना कळलं. चावी एकच होती.

“कौसे,” त्या म्हणाल्या, “कुणी दिलं ते सांग.”

मी काय विचार केला? तुम्हाला वाटेल बापाच्या माराला भ्याले. बापानं मला कधी मारलं नव्हतं. मला वाटलं — चावी जाईल. बाकी काही नाही वाटलं. आणि मी म्हणाले ते म्हणाले.

बाई ओरडल्या. “खोटं बोलते ही! माझा नियम सगळ्या पोरींना ठाऊक आहे. विचारा कुणालाही. कौसे, खरं सांग — मी काही करणार नाही.”

मी खाली बघत राहिले. मग बाईंनी माझ्या मुस्काटात मारली. त्यांनी कधी कुठल्या पोरीला हात लावला नव्हता, त्या दिवशी लावला. आणि तिथंच त्यांचं संपलं. गंगूची आई चिमटा उगारून म्हणाली, “बघा! स्वतः पाप करती आन लेकराला मारती. बोडकीला घरात न्हाई कुणी, दुसऱ्याच्या घरचं सोवळं-ओवळं काय कळायचं!” माझ्या आईनं मला पदराखाली घेतलं. मी रडले. गालाला लागलं होतं म्हणून रडले. पण लोकांना ते खरेपणाचं रडणं वाटलं. वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशीपासून शाळेत एकही पोर आली नाही. ही बाई जाईस्तोवर पोरी धाडायच्या नाहीत, असं गावानं ठरवलं. मोठ्या मास्तरांनी वर कळवलं. मोहतमीम आले. मला पुन्हा विचारलं, या वेळी खुर्चीत बसून, सावकाश. साहेबांची मराठी तोडकी होती. “बेटी, सच बोल. घाबरू नको.” तेव्हा गाव नव्हतं, चिमटा नव्हता, आई बाहेर ओट्यावर होती. तेव्हा सांगता आलं असतं.

“बाईंनी दिलं,” मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला काहीच जड गेलं नाही.

बाई गेल्या. बैलगाडीत एक ट्रंक आणि वळकटी. निरोपाला कुणी गेलं नाही. कपाटाला मोठ्या मास्तरांनी स्वतःचं कुलूप घातलं. माझ्याकडची चावी कुणी मागितलीसुद्धा नाही, तिचा उपयोगच उरला नव्हता. नंतर वर्षभर दुसरी बाई आली नाही. पोरी घरी बसल्या. मीही बसले. चौथी अर्धीच राहिली माझी.

गंगू सासरी जायच्या आदल्या दिवशी भिंतीपाशी आली. “कावून खोटं बोललीस गं?”

“तू तरी कुठं खरं बोललीस?” मी म्हणाले.

माझं नाव येऊ नये म्हणून ती आईपुढं गप्प राहिली होती. मला ते कळत होतं, तरी मी तसं म्हणाले.

पुढं लग्नानंतर एकदा मोमिनाबादला गेले होते, योगेश्वरीच्या दर्शनाला. एका घराच्या ओसरीवर बाई दळत होत्या. वाळलेल्या होत्या, पण त्याच. शेजारी दुसऱ्यांच्या घरच्या दळणाच्या पायल्या ओळीनं लागलेल्या. त्यांनी वर बघितलं. ओळखलं की नाही, माहीत नाही — मी थांबलेच नाही. कापडाच्या दुकानात शिरले आणि नको असलेलं लुगडं उलगडायला लावलं. बाहेर जात्याची घरघर चालू होती. ती थांबली असती तर कदाचित त्या उठून आल्या असत्या. थांबली नाही.

माझी नातसून आता शाळेत पुस्तकांचं काम बघते. मध्यंतरी बीडला शिबिराला जाऊन आली. फार खुशीत होती. आजी, आता नवीन पद्धत आलीय, म्हणाली. कपाटाला कुलूप नाही. बारक्या पोरांच्या हाताला येतील अशी पुस्तकं खाली. पुस्तकावर रंगाच्या पट्ट्या, लाल पट्टी म्हणजे गोष्टी. आणि पुस्तक घरी न्यायचं. तिनं रात्री जेवणं झाल्यावर रंगीत कागद कापायला घेतले, मला म्हणाली, तुम्ही पण कापा. मी कापले. तिनं विचारलं, “आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का हो?”

“नव्हतं,” मी म्हणाले.

म्हणजे तिसऱ्यांदा. या वेळी तर कुणी माझं काही घेणार नव्हतं. जायला चावीसुद्धा नव्हती.

मी लहान होते, असं तुम्ही म्हणाल. मोहतमीमांपुढं लहान होते. कापडाच्या दुकानात नव्हते. कागद कापताना तर नव्हतेच.

गंगू पहिल्या बाळंतपणात गेली. तिची आई पटकीत गेली. मोठे मास्तर रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून गेले, पुन्हा दिसले नाहीत. बाई दिराच्या घरीच वारल्या, असं मोमिनाबादहून आलेल्या एका बाईनं सांगितलं. कशानं ते तिला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही.

त्या दिवशी पायरीवर जे जे बोलले, त्यांच्यातली आता मीच उरले आहे.