अंतःकरणाचं गेट रजिस्टर

आमच्या शनिवारच्या प्रार्थनेचे किस्से मी सहसा काढत नाही. एक काढला की मागचे ढकलत येतात, आणि शेवटचा आला की झोप उडते.

आणीबाणीचे दिवस. बाहेर लोक तोंड सांभाळत होते, आमचे वडीलधारे अंतःकरण! मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं, म्हणून बाबांनी मला वाडीतल्या त्यांच्या चर्चच्या प्रार्थनागटात नेऊन बसवलं. दर शनिवारी दुपारी चार वाजता. आम्ही चौघं: बाबा, मी, नर्स मार्थाबाई आणि डेव्हिडकाका.

डेव्हिडकाका हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटकीपर होते. रिटायर होताना कारखाना सुटला, गेट नाही सुटलं. ते म्हणायचे, अंतःकरणालाही गेट असतं, मग रजिस्टरही पाहिजे. प्रत्येकाला एक वही. तीन रकाने: नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. लोभ आला, लिहा. गेला, लिहा. आत आलेला बाहेर गेला नसेल, तर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही.

*

काकांनी ड्यूटीची शिटीही जपून ठेवली होती. वाईट विचार गेटवर दिसला की हळूच फुंकायचे. एका रविवारी भर उपदेशात शिटी वाजली. पाळकसाहेब थबकले, लाल झाले, आणि बराच वेळ त्यांना बायबलमधलं पान सापडेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काका, काय आलं होतं मनात?

"माह्या मनात नाही गा. त्याईच्या."

त्या दिवसापासून मी काकांच्या मागच्या बाकावर बसायला लागलो.

*

मार्थाबाईंची वही तीन महिने कोरी. वडीलधारे खूश, काय पवित्र बाई! बाबांनी मला त्यांचा आदर्श ठेवायला सांगितलं. मी चिडून बाईंनाच विचारलं, तुमचं दार खरंच कोणी वाजवत नाही?

त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली.

"वाजते ना बाबू. पण आतून वाजते."

*

माझ्या वहीत एकच नोंद असायची. राग. आत: जाग आल्याबरोबर. बाहेर: कोरं.

माझ्या थोरल्या बहिणीनं, रूथताईनं, चर्चच्या मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. ती हिंगण्याला राहायची, घरापासून सायकलच्या अंतरावर. तिची पोरगी चालायला लागली, तरी बाबा गेले नाहीत. घरात तिचं नाव काढायचं नाही.

बाबांनी माझी वही सगळ्यांसमोर वाचली. "कोणाचा राग हाय तुले?"

"तुमचा. ताईले काहून येऊ देत नाही?"

"याले राखण म्हणतात. ते तुही ताई रोज येते मनाच्या गेटवर. मी आत घेत नाही."

वर अभिमान! येशूनं दार ठोठावलं असतं, तरी या माणसानं आधी गेटपास मागितला असता.

*

पुढच्या शनिवारी चारच्या प्रार्थनेत काकांची शिटी वाजली, जोरात. मी दचकून पाहिलं. काका बाबांकडे बघत होते. बाबा माझ्यासमोर ताठ बसले होते, डोळे मिटून. तासभर हलले नाहीत. घरी आल्यावरही बोलले नाहीत, जेवले नाहीत. मला वाटलं, उपास असेल.

रविवारी मी ताईकडे गेलो. दारातच तिनं विचारलं, "बाबा नीट पोचले ना?"

मी म्हटलं, कुठून?

"काल आले होते ना. चार वाजता. उंबरठ्याबाहेरच उभे राहिले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्या म्हटलं, आत या. तर म्हणाले, नाही वं, तिकडे गेटवर कोणी नाही."

मी पोरीला उचललं. तिच्या केसांना बाबांच्या तपकिरीचा वास येत होता.

सायकल हाणत घरी आलो. बाबा खुर्चीत तसेच ताठ बसलेले. डोळे उघडे, श्वास चालू. तीनदा हाक मारली, ओ नाही. मांडीवर त्यांची वही उघडी होती.

नाव: मी. बाहेर गेल्याची वेळ: चार.

आत आल्याची वेळ: कोरी.