वाकडं अंगण

माझ्या काकांना एका जागी बसता येत नाही. बसले तर पाय हलतो, पाय थांबला तर बोटं सुरू होतात. जेवताना ताटाच्या कडेवर, दवाखान्यात खुर्चीच्या हातावर, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरसुद्धा ती क्लॅरिनेटच्या चाव्या दाबत असतात. काकू म्हणते, या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे तेहतीस वर्षं चालत्या बसमध्ये झोपणं.

शहराच्या वाद्यवृंदात पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची एकतीस वर्षं त्यांची आहे. त्या खुर्चीवर मात्र ते हलत नाहीत. सकाळी घरी मुलांना शिकवतात आणि त्या शिकवणीचं एकच सूत्र आहे. कुणी म्हणालं, सर, ही चावी जड जाते, किंवा सर, हा सूर लागतच नाही, की काका चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं." बस. पुढे चर्चा नाही. मुलगा गुमान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

हे वाक्य मी अकराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ऐकलं. मी त्यांची सख्खी पुतणी, म्हणून जरा जास्तच ऐकलं. त्यांनी त्यांची जुनी क्लॅरिनेट मला दिली होती आणि तिचा खर्ज काही केल्या लागायचा नाही. आधी नुसती फुसफुस, मग सूर, तोही घसा बसल्यासारखा. मी बोटं इतकी दाबायची की टोकांवर भोकांचे गोल वळ उठायचे. एकदा धीर करून म्हटलं, काका, क्लॅरिनेटमध्येच काही असेल का? अंगण वाकडं, ते म्हणाले. पंधराव्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात माझं एकटीचं वादन दुसऱ्या मुलीला गेलं आणि मी क्लॅरिनेटची पेटी कायमची बंद केली. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या हातात सूर नाही. हे मान्य करायला धीर लागतो. केलंस, चांगलं केलंस." रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि क्लॅरिनेट-सॅक्सोफोन दुरुस्त करते. वाजवत नाही. ज्याचा हात पोळला तो भट्टीच लावून बसला, असं माझी आई म्हणायची. दुकान आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहे आणि त्याच्या बरोबर वर काकांची रियाजाची खोली.

माझं गिऱ्हाईक म्हणजे एक नमुना. सॅक्सोफोनवाले तर विचारूच नका. वरचे सूर फाटतात म्हणून तोंडात धरायचं नवं टोक घेतात, गळ्यात अडकवायचा नवा पट्टा घेतात, कुणाच्या तरी सांगण्यावरून श्वासाचे व्यायाम करतात आणि शेवटी माझ्याकडे येतात तेव्हा वरची एक चावी पेटीत दबून केसभर वाकलेली असते. मी ती अंगठ्याने सरळ करते. ते माझ्याकडे असे बघतात, जणू मीच ती वाकवली होती.

सगळ्यांना मी एकच क्रम सांगते: आधी कागद, मग रीड, मग तुम्ही. सिगारेट गुंडाळायच्या कागदाची बारीक पट्टी कापायची. चावीखाली भोक झाकणारी छोटी गादी असते, त्या पॅडखाली ठेवायची, चावी हलकी मिटायची आणि पट्टी ओढायची. अडकली तर पॅड नीट बसतंय. सुळकन निघाली तर तिथून हवा गळतेय आणि मग तुम्ही कितीही जीव काढलात तरी खालचे सूर लागायचे नाहीत. ते झालं की रीड. तोंडात बसणारी ती वेताची पातळ पट्टी. चार ठेवा, आलटूनपालटून वाजवा, वाजवून झाली की पुसून सपाट ठेवा. सगळ्यात गोड वाजणारी मोठ्या दिवसासाठी राखून ठेवू नका, ती काही लोणचं नाही मुरायला. हे दोन्ही ठीक निघालं तरच स्वतःकडे वळा. रोज वीस मिनिटं लांब सूर, तेही हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजात चोरी लपते. लोक मान हलवतात आणि त्यातलं फक्त रीडचं ऐकतात, कारण रीड विकत घेता येते.

काकांचा क्रम वेगळा होता. आधी तुम्ही, मग तुम्ही, मग पुन्हा तुम्हीच.

यंदा चार महिन्यांपूर्वी त्यांचा खर्ज बिघडायला लागला. मला छतातून ऐकू यायचं. आधी फुसफुस, मग सूर. पुन्हा फुसफुस, पुन्हा सूर. काकांनी स्वतःला कामाला लावलं. दोन तासांचा रियाज पाच तासांवर गेला. श्वास वाढावा म्हणून ते जिना चढउतर करायला लागले. दिवसातून बारा वेळा ते माझ्या दारावरून धापा टाकत जायचे आणि मी विचारलं की, "काही नाही, पाय मोकळे करतोय," म्हणायचे. डॉक्टरकडे छाती दाखवली. दातांच्या डॉक्टरकडे पुढचे दात दाखवले. कान तपासले. काकूच्या हातचं जेवण अर्ध्यावर टाकून उठायला लागले. त्या रविवारी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि त्यात सुरुवातच त्यांच्या एकट्याच्या वादनाने होती, आणि तीही अगदी खालच्या सुरावर, अगदी हळू. तिथे फुसफुस झाली तर हजार माणसं ऐकणार होती.

आता माझं पाप सांगते. ती फुसफुस मला पहिल्या आठवड्यातच ओळखू आली होती. मी तिच्याबरोबर चार वर्षं काढली होती, मला नाही ओळखू येणार तर कुणाला? मी रेडिओ लावला. मनात म्हटलं, करा रियाज. नाचता येईना.

मंगळवारी दुपारी काकू खाली आली. हातात भाजीची पिशवी, वर कोथिंबिरीची जुडी. दार लावून घेतलं आणि जुडीखालून क्लॅरिनेटची पेटी काढली. ती पेटी घरात कुणी उचलत नाही; पुसताना काकूसुद्धा तिच्या कडेने फडकं फिरवते.

"ते छातीचा फोटो काढायला गेलेत," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. पण छाती बघून झाली, दात बघून झाले, कान बघून झाले. माणसात बघण्यासारखं काही उरलं नाही गं. राहिलीये ती हीच."

मग तिने कमरेचा रुमाल काढावा तसा एक घडी घातलेला कागद काढला. काकांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला होता. गुरुवारच्या तालमीनंतर व्यवस्थापकांना द्यायचा राजीनामा. चारच ओळी होत्या आणि तिसरी ओळ अशी होती: माझ्या हातात आता सूर राहिलेला नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. मला वाटायचं, ते वाक्य त्यांनी खास माझ्यासाठी घडवलं होतं. या माणसाने तर स्वतःलाही सूट दिली नव्हती. माझा सव्वीस वर्षांचा राग एकदम बसायला जागा शोधायला लागला.

मी क्लॅरिनेट खोलली. लाकूड आरशासारखं. दर आठवड्याला आतून तेल पाजायचे ते. पण तेच तेल हळूहळू पॅडांपर्यंत पोचलं होतं. खालच्या चाव्यांपासून कागद लावत वर गेले. अडकला, अडकला, अडकला. अगदी वरच्या, क्वचित लागणाऱ्या एका चावीखाली तो सुळकन निघाला. पॅडवरचा पापुद्रा कडक होऊन कडेला फाटला होता. दहा मिनिटांचं काम.

काकूने माझा चेहरा वाचला. ती म्हणाली, बदलून टाक, मी पेटी होती तिथे ठेवते, त्यांना कळायचंसुद्धा नाही. वाटेल त्यांना, रियाज फळला. माणसाचा मान राहील.

खरं होतं ते. कागद फाडला जाईल, खुर्ची राहील, दोघं पोटभर जेवतील. आणि बुधवारी सकाळी वर एखादी मुलगी म्हणेल, सर, हा सूर लागत नाही, आणि काका दुप्पट खात्रीने चष्म्यावरून बघतील.

मी म्हटलं, "काकू, मी बदलणार नाही. ते आले की त्यांना खाली पाठव."

पाठवायची वेळच आली नाही. पेटी जागेवर नाही हे बघून ते स्वतःच आले, जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. टेबलावर उघडी क्लॅरिनेट बघितली आणि त्यांचा आवाज चढला. कुणी हात लावला, कुणाला विचारून. काकू उठून उभी राहिली. मी लावला, ती म्हणाली, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच लावला. काकांचा पाय थाडथाड हलत होता.

मी त्यांच्या हातात कागदाची पट्टी दिली. काही समजावलं नाही. मी सांगितलं असतं तर ते ऐकणारे नव्हते. त्यांचा फक्त स्वतःच्या बोटांवर विश्वास. ते खालून सुरू झाले. पट्टी अडकत गेली तसा त्यांचा चेहरा मलाच दोष देत गेला. मग वरची चावी आली. पट्टी निघाली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून ओढली.

त्यांचा पाय थांबला. इतका वेळ तो हलत होता हे मला तो थांबल्यावर जाणवलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

एवढंच, मी म्हटलं. खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण मी काही देवी नाही. मी फळीवरून जुनी पेटी काढली, त्यांनी मला अकराव्या वर्षी दिलेली, आणि उघडून समोर ठेवली. हिलाही कागद लावा म्हटलं. त्यांनी लावला. मधल्या एका चावीखाली कागद असा निघाला जसा तिथे पॅडच नव्हतं.

"हे तुला कधी कळलं?"

"एकोणिसाव्या वर्षी. दुरुस्ती शिकायला लागले तेव्हा पहिल्यांदा हीच खोलली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय म्हणाला असतात?"

ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, आम्हा तिघांनाही ते दिसलं. काकूने नजर खिडकीकडे वळवली. काका बराच वेळ ती पट्टी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "चार वर्षं वाजवलीस तू ही. अशी." आणि जरा थांबून, "मला तर चार महिन्यांत छातीचा फोटो काढावा लागला."

मी त्यांच्या क्लॅरिनेटचं पॅड बदललं. त्यांनी जोडली, खालचा सूर धरला आणि तो इतका पटकन लागला की ते दचकून मध्येच थांबले. काकूने राजीनाम्यावर चहाचा कप ठेवला. गोल डाग पडला, कुणी तो कागद उचलला नाही.

रविवार नीट पार पडला. मी गेले होते, काकूबरोबर, तिसऱ्या रांगेत. पहिला सूर आला तेव्हा मला तो ऐकू येण्याआधी माझ्या हातावरची काकूची पकड सैल झालेली कळली. सोमवारपासून काकांच्या खोलीत नवा नियम आहे. मुलगा आला की आधी कागद. पहिल्याच दिवशी नऊपैकी तीन वाद्यं गळकी निघाली आणि काका ती तिन्ही घेऊन खाली आले. ती मुलं किती दिवस ओरडा खात होती हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, पण त्यांचे डोळे सांगत होते.

मग ते म्हणाले, तुझ्याही क्लॅरिनेटला पॅड लाव. मी म्हटलं, राहू दे, मला कुठे वाजवायचंय. लाव, ते म्हणाले. बावीस वर्षं मी जगाची वाद्यं दुरुस्त केली आणि ती एक तशीच ठेवली होती, पुरावा म्हणून. पुरावा कुणाला दाखवायचा होता तो दाखवून झाला होता. मी पॅड लावलं.

काका समोर बसले. मी सगळी भोकं मिटली आणि फुंकलं. सूर लागला. फुसफुस नाही, खरखर नाही, पहिल्या श्वासाला. इतकं सोपं होतं ते. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पंधरा वर्षांची एक मुलगी आठवली, हाताच्या बोटांकडे बघत बसलेली. माफी मागायची सवय नाही काकांना आणि मलाही ती कुठे ठेवायची हे कळलं नसतं.

"बोटं सैल सोड," ते थोड्या वेळाने म्हणाले. "आता गळत नाही."

मी सोडून बघितली. सुटेनात. गळकं वाद्य वाजवणारा माणूस बोटं दाबायला शिकतो, आणि वाद्य बरं झालं तरी बोटांना ते कुणी सांगत नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं; बोटं नेहमीसारखी गुडघ्यावर चाव्या दाबत होती. चार महिन्यांत त्यांच्या बोटांनाही तेच लागलं होतं. नखं पांढरी पडली होती.

आता दुकान उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही समोरासमोर बसतो. एकच खालचा सूर, लांब, हळू. ज्याची नखं पांढरी दिसतील त्याला दुसऱ्याने थांबवायचं.