चपलांचं पोतं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. बोटीच्या तळाला पाणी साठतं तसे ते साठतात, आणि रोज थोडे उपसले नाहीत तर जड होतात. आमच्या संभाजीनगरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. तिथं मी चहाच्या टपरीवर समुद्राच्या गोष्टी सांगतो. मित्र म्हणतात, "आधी बादलीभर पाणी दाखव, मग समुद्राचं बोल."

*

मी कन्नड गावातल्या खानावळीत भाकऱ्या थापायचो. एका ट्रक ड्रायव्हरनं मला कोकणात, सिमेंट वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून लावलं. बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, दाजी. त्यांनी एकच विचारलं, "पोहता येतं?"

"नाय."

"बरं झालं. पोहणारे आधी उडी मारतात."

*

बोटीवर सगळे अनवाणी. चपला एका पोत्यात, आणि पोतं दाजींच्या उशाशी. उतरायचा हुकूम झाला की पोतं उघडायचं. एकदा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. वादळ येणार होतं. दाजींनी पोतं ओतलं आणि म्हणाले, "जा, आज जमिनीवर पडा."

*

आमचा खलाशी रघू उतरला तो फोन कानाला लावूनच. त्याचे वडील गावाकडं अत्यवस्थ होते. गाव समुद्रानं दोन तासांवर. रस्त्यानं जायचं तर दरड कोसळून घाट बंद.

"दाजी, बोट काढा ना. बाबा थांबतील काय?"

दाजी बावट्याकडं बघत म्हणाले, "तो खाली आला की निघू. मला तुम्हा सात जणांच्या घरांना तोंड दाखवायचंय."

*

वेळ जावा म्हणून मी रघूला दाढीला बसवलं. न्हाव्यानं सवयीनं विचारलं, "मिशी काढू?"

रघूनं त्याचा हात धरला. "बाप जिवंत आहे माझा."

न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत.

*

दुपारी ऊन पडलं, बावटा मात्र वरच. एक छोटी होडी रघूच्या गावाकडं निघाली होती. दाजी झोपलेले. रघूनं चपला काढून माझ्या हातात दिल्या.

"काका, या घरी घेऊन या. म्हणजे दाजींना आमच्या बंदरात थांबावंच लागेल. आई जेवल्याशिवाय सोडायची नाही."

त्याला थांब म्हणायचं सोडून मी विचारलं, "जेवायला काय?"

"तिसऱ्यांचं कालवण. शिंपल्यांचं हो," तो हसला.

*

तिसऱ्या दिवशी बावटा उतरला. होडी खाडीच्या तोंडाशी उलटल्याचं तोवर आम्हाला कळलं होतं. कुणीच सापडलं नव्हतं. गावानं मात्र रघूच्या घरी अजून सांगितलं नव्हतं. दाजी म्हणाले, "आपण सांगू."

रघूचे वडील दारात बसले होते. ताप उतरला होता. आम्हा दोघांना बघून म्हणाले, "रघू बोटीवरच राहिला काय?"

दाजींनी माझ्या पिशवीकडं बघितलं. मी पिशवीतून चपला काढल्या.

म्हाताऱ्यानं त्या घेतल्या. उलटसुलट करून बघितल्या. धोतराच्या सोग्यानं वाळू पुसली आणि उंबऱ्यापाशी ठेवल्या. आत आलेला माणूस काढतो तशा, टोकं घराकडं करून.

मग आत बघून म्हणाले, "अगो, बोटीवरचे पाहुणे आलेत. आम्ही तिघं बसतो. चार पानं वाढ."