माझा चेहरा, पुण्याचा आवाज

भूत परवडत नसेल तर भुताच्या सिनेमावाले एक माणूस ठेवतात. खुर्चीत बसवतात, खालून लाल दिवा मारतात आणि बोलायला लावतात. हे मला शाळेच्या वयातच कळलं होतं. सोलापूरच्या पूर्वभागात आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्र्याचं व्हिडिओ पार्लर होतं, तिथं असले स्वस्तातले सिनेमे लागायचे. एका सिनेमात तीन-चार सुट्या गोष्टी आणि त्यांना बांधून ठेवणारा एक सूत्रधार. बाकीची पोरं भुतासाठी यायची. मला भुतात राम वाटायचा नाही. रबराचं तोंड, मैद्याचं पीठ, एकच पांढरी साडी सगळ्या गोष्टींत फिरायची. मी बघायचो तो सूत्रधार. दाखवायला काही नसताना नुसत्या बोलण्यावर तो शंभर माणसं बाकड्यावर धरून ठेवायचा.

पुढं मी डागी टॉवेल आणि चादरी घेऊन टेंभुर्णीच्या बाजारात बसायला लागलो, तेव्हा मी त्याचंच काम करत होतो. मालात खोट आहे हे गिऱ्हाईकाला दिसत असतं. त्याला आधी बसवावं लागतं, मग बोलावं लागतं. आज माझं दुकान आहे, गोदाम आहे, आणि ते मला कुणी दिलेलं नाही.

त्या सूत्रधारांबद्दल मला कायम वाईट वाटत आलंय. पोस्टरवर तोंड सर्वांत मोठं त्यांचं, पण गोष्ट एकही त्यांची नाही. त्यांच्यामागं कुणी धावत नाही, ते मेले तर कुणी रडत नाही. सगळं काम बहुतेक एकाच दिवसात, एकाच खुर्चीत उरकत असणार, समोर दुसरा नट नाही. तरी बिचारे जीव तोडून भीती विकत असतात.

म्हणून होटगी रोडची ती मुलगी माझं गोदाम मागायला आली, तेव्हा मी भाड्याचा विषयच काढला नाही. आईबाप बँकेत, मुलगी पुण्याला सिनेमा शिकून परत आलेली. तिला तीन गोष्टींचा भुताचा सिनेमा करून इंटरनेटवर टाकायचा होता. माझं गोदाम म्हणजे बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना. गंजलेले माग अजून आत उभे. ती बघूनच खूश झाली.

"काका, भाडं किती घ्याल?"

"भाडं नको. सूत्रधार मी."

ती हसली. मी हसलो नाही, तेव्हा थांबली. "काका, त्याची ऑडिशन घ्यावी लागते."

"गोदाम बघितलंत ना ताई? झाली ऑडिशन."

"आणि जागा शांत आहे ना? आवाज वगैरे?"

"एकदम शांत," मी म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. ती आली त्या दिवशी मागांची सुट्टी होती. आणि शेजारच्या शेडमधले माग चालू असले तरी मला ते जाणवत नाहीत. मी त्या आवाजातच वाढलोय. आमच्या भागात मागाचा आवाज बंद पडला तर लोक दचकून बाहेर येतात, चालू असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही.

शूटिंग दुपारी व्हायचं. रात्रीचे दिवे आणि रात्रीची माणसं तिला परवडणारी नव्हती. मग माझ्याच चादरी खिडक्यांना लावून आम्ही जेवणानंतर रात्र करायचो. बाहेर ऊन कडकडत असायचं आणि आत मी काळ्या कोटात घाम गाळत बसलेलो. तिनं लिहून दिलेली वाक्यं भाषणासारखी होती. "स्वागत आहे आपलं, भयाच्या या दालनात." असं बोलून मी आयुष्यात एक टॉवेल विकला नसता. मी म्हणालो, "ताई, मी माझ्या पद्धतीनं बोलतो." ती बरं म्हणाली. शेजारी माग खडखडत होते, तिनं कानाला लावलेलं यंत्र काढून ठेवलं आणि म्हणाली, "आवाजाचं नंतर बघू." व्यवहारात 'नंतर बघू'चा अर्थ 'सोडून द्या' असा होतो. मी सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी माझं तिच्याशी भांडण झालं. काम संपल्यावर तिच्या माणसांनी माझ्या चादरींवर बुटानं चालून दाखवलं. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "माझं काम झालं. आता मला फोन करायचा नाही."

तिनं खरंच केला नाही. आला तो थेट निरोप, सिनेमा दाखवणार आहोत, या.

आमच्याच भागातलं एक छोटं मंगल कार्यालय होतं, दुपारची वेळ. पडदा म्हणून पांढरी चादर, तीही माझीच. मी आईला घेऊन गेलो. माझी आई सांगोल्याकडची. दुष्काळात घर सोडून सोलापुरात आली आणि मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला लागली. सूत गुंडाळायचं ते काम तिनं हात चालत होते तोवर केलं. त्या खडखडाटानं तिचे कान गेले. ऐकायचं मशीन घेऊन दिलं तर म्हणते, "नको बाबा, लई गलका करतंय." तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या कारखान्यातल्या जुन्या तेलुगू मैत्रिणी बसल्या. आईला सगळे अक्काच म्हणतात.

दिवे गेले. काळोखात मी दिसलो. खरं सांगतो, ऊर भरून आला. मग मी तोंड उघडलं आणि आतून दुसराच माणूस बोलला.

"स्वागत आहे आपलं, भयाच्या या दालनात."

गुळगुळीत, भारदस्त, पुण्याचा आवाज. ओठ माझे हलत होते, शब्द त्याचे येत होते. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. ज्या जिभेवर मी दुकान उभं केलं तीच कापून टाकली होती. माझं तोंड हवं होतं, माझं बोलणं नको होतं. लोक गप्प बसून, मान देऊन ऐकत होते. मी उठणार, इतक्यात आई खदाखदा हसली.

सगळ्या माना वळल्या. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. आई मैत्रिणीला म्हणाली, "आगं, चपला बाहेर काढू नका म्हणतंय! जाताना पळायचं हाय, तवा शोधत बसाल म्हणतंय!"

ती मैत्रीणही हसत होती. तिला सांगायची गरजच नव्हती. मागाच्या शेडमध्ये जन्म काढलेल्या बाया. तिथं कानाला काही ऐकू येत नाही, माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. घरची भांडणं, पोरींची लग्नं, मालकाला शिव्या, सगळं त्या आवाजात नुसत्या ओठांवर चालतं. पडद्यावर पुण्याचा माणूस काय बोलतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्या माझं ऐकत होत्या.

पहिली गोष्ट संपली, पडद्यावर मी परत आलो. आवाज म्हणाला, "आत्मा अमर असतो." अक्का म्हणाली, "भूत गिऱ्हाईकावाणी असतंय म्हणतोय. बोलावलं की येत न्हाय, न्हाय म्हणलं की दारात उभं."

आता कार्यालयभर हशा. दुसऱ्या गोष्टीनंतर मी दिसताच मागून कुणीतरी ओरडलं, "अक्का, आता काय म्हणतोय?" आणि सगळे तिच्याकडं बघायला लागले. पडद्यावर भूत रडत होतं आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, थोडा. मग मागं बघितलं. ती मुलगी भिंतीला टेकून लॅपटॉप पोटाशी धरून उभी होती आणि तोंडावर काही भाव येणार नाही याची काळजी घेत होती. असं तोंड मी ओळखतो. बाजारात सगळा माल पावसात भिजला होता तेव्हा मीही तसाच उभा होतो.

तरीही सिनेमा संपल्यावर मी तिला गाठलंच.

"माझं बोलणं काढून टाकायचं कुणी सांगितलं?"

"काका, तुमचा आवाजच नाहीये माझ्याकडे."

"म्हणजे?"

तिनं लॅपटॉप उघडला, हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि शूटिंगच्या वेळी भरलेल्या आवाजासकट माझं दृश्य लावलं. मी ऐकलं. "हे काय, येतोय की माझा आवाज."

"आता ऐका," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्यासमोरून वळवला. आणि आवाज गेला. म्हणजे हेडफोनमध्ये खटक-खटक चाललंच होतं, नुसते माग. मीच नव्हतो त्यात. इतका वेळ मी कानानं ऐकतच नव्हतो, स्वतःचे ओठ बघत होतो.

मला राग आला होता, तो कुठं ठेवावा हे कळेना.

"मग मला बोलवायचं. मी परत बोललो असतो."

"फोन करू नका म्हणाला होतात." तिनं हेडफोन काढून घेतले. "आणि खरं सांगू? तुम्ही काय बोललात ते नीट कळलंच नव्हतं, पण जेवढं कळलं त्यावरून वाटलं, बाहेरचे लोक हसतील."

"आज हसलेच की."

"भुताच्या सिनेमाला हसायचं नसतं, काका."

"कुणी सांगितलं? आमच्या पार्लरमध्ये सूत्रधाराला लोक हसायचे. हसून सैल पडायचे, मग गोष्टीत दचकायचे. आधी सैल तर पडू द्या."

सिनेमा आठवड्याच्या शेवटी इंटरनेटवर चढवायचा होता. एकदा चढला की माझ्या तोंडात पुण्याची जीभ कायमची बसणार होती. मी म्हणालो, "चढवायच्या आधी मी सगळं परत बोलून देतो."

"सगळं नाही जमणार. सुरुवातीचं एक करू."

"सगळं."

"दोन."

"ताई, मी भाव कमी करायला बसलेलो नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ठीक आहे, सगळं. पण एकदाही ओरडायचं नाही. आणि चादरी तुमच्या."

चादरींचं मला कळलं नाही, पण हो म्हणालो. ओरडण्याची अट महागात जाणार हे मात्र तेव्हाच कळलं.

तिच्या घरातली आतली खोली तिनं माझ्या चादरींनी मढवली, भिंती, दार, खिडकी. आवाज घुमू नये म्हणून. एरवी थंडीत माणसं जे पांघरतात त्याच्यामध्ये आम्ही सोलापूरच्या उन्हात कोंडून बसलो, पंखाही बंद. अडचण वेगळीच निघाली. मी काय बोललो होतो ते मला आठवत नव्हतं. मी कुठं एक वाक्य दोनदा सारखं बोलतो? मी ओठ बघून थोडं ओळखायचो, पण मी शेड लवकर सोडली, माझं शिक्षण अर्धवट. शेवटी आईला बोलावलं. ती लॅपटॉपच्या पुढं मांडी घालून बसली. ती बघायची, सांगायची, मुलगी लिहून घ्यायची, मग मी ते ओठांच्या हालचालीवर बसवून बोलायचो.

मी चुकायचो आणि आई म्हणायची, "आसं न्हाय म्हणालास. लई घाई करतोयस." मी एकदा तोंड उघडलं, मुलीनं बोट वर केलं, मी मिटलं.

असं करत सिनेमाच्या अगदी शेवटापर्यंत आलो. शेवटच्या दृश्यात मी काही न बोलता कॅमेऱ्याकडं टक लावून बघतो, मग ओठ जरासे हलतात आणि काळोख होतो. पुण्याच्या आवाजानं तिथं म्हटलं होतं, "पुढचा बळी तुम्ही." आई पुढं वाकली. तिनं परत लावायला सांगितलं.

"काय म्हणतोय, अक्का?" मुलीनं विचारलं.

"जमलं का ताई, म्हणतोय." आईनं माझ्याकडं बघितलं. "भ्यालंय ते."

मग मुलगी म्हणाली, "तेव्हा काम संपलं होतं. मी कॅमेरा बंद केला नव्हता. तुमचा चेहरा एवढा चांगला आला होता की ठेवला. सगळ्या सिनेमात भीती खरी वाटते ती तिथंच."

मी म्हणालो, "ते नको. तिथं मी दुसरं काहीतरी बोलतो. ओठांवर बसेल असं."

"काका, तुमचंच बोलणं पाहिजे म्हणून भांडलात."

"ते बोलणं सिनेमातलं नाही."

"पडद्यावर आहे ना?"

मी आईकडं वळलो, ती बाजू घेईल म्हणून. ती म्हणाली, "म्हण की. म्हणलायस तेच म्हण."

मग मी बोललो. पण दरवेळी ते भाव केल्यासारखं निघायचं. आवाजात 'सांगा लवकर, घेता की जाऊ' असं यायचं. मुलगी नुसती नाही म्हणून मान हलवायची. कोटाशिवाय, लाल दिव्याशिवाय, एका पोरीला काम नीट झालं का असं विचारायला माझी जीभ वळत नव्हती. आयुष्यात मी कुणाला विचारलेलं नाही. किती वेळा झालं कोण जाणे, घाम डोळ्यांत उतरला, मी दमलो, आणि दमलेल्या आवाजात ते एकदा बाहेर पडलं.

"जमलं का, ताई?"

तिनं बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. आई आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

"म्हणाला का?" आईनं विचारलं.

मुलगी खुर्ची सरकवून तिच्यासमोर आली, तिला ओठ दिसतील अशी बसली आणि सावकाश म्हणाली, "म्हणाले."