ही शनिवारची नाही

"जरा बघ रे, नाडी लागते का?" मनगट पुढे करूनच काका आमच्या दारात यायचे. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच. झाशीतल्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीत ते शेजारी. नोकरीसाठी नागपूरहून आलेले, आवाज खणखणीत आणि स्वतःच्या मते कायम आजारी.

डोकं दुखलं की मेंदूत गाठ, भेंडी खाऊन पोट फुगलं की आतड्याचं काहीतरी. मोबाइलवर वाचून निदान पक्कं करायचे आणि मग डॉक्टर बदलत फिरायचे. "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मशीनच बिघडलं असणार!" काकू वरवर हसायच्या, पण पार थकून गेल्या होत्या.

छावणीकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना बरोबर ओळखलं. "भाईसाहब, मोबाइल पर पढ़ना बंद. जो भी लगे, शनिवार को मुझे बताइए. पर सीने पर बोझ लगे, पसीना छूटे, तो शनिवार मत देखना. सीधे अस्पताल."

काका कुरकुरले, पण ऐकलं. सोमवारची धडधड शनिवारपर्यंत काही टिकायची नाही. बाईंसमोर बसून "क्या था, याद ही नहीं आ रहा" म्हणायचे आणि ओशाळून घरी यायचे.

एकदा आम्ही बडा बाजारात लोणच्यासाठी बरणी बघत होतो. काका एकदम दुकानाच्या पायरीवर बसले. शर्ट घामानं चिंब.

"गैस होगी चाचाजी, सोडा पी लीजिए," दुकानदार म्हणाला.

काकांनी मान हलवली. "ही शनिवारची नाही रे," ते मला हळूच म्हणाले. "रिक्षा बोलाव."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं. हार्ट अटॅकच होता, लगेच अँजिओप्लास्टी करायची म्हणाले. मला वाटलं, आता हे हजार शंका काढणार. काकांनी एकच विचारलं, "आप रोज़ करते हैं ये?"

"रोज़."

"तो कीजिए."

मग सवयीनं मनगट माझ्यापुढे केलं. भीती कुठेही गेली नव्हती. तिला घेऊनच ते आत गेले.

निवृत्तीनंतर काका-काकू मुलीकडे नागपूरला गेले. परवा फोन आला. नातीची शाळा, नवा कूलर, शेजाऱ्यांचं मांजर, बोलणं संपेचना. शेवटी मीच विचारलं, "काका, तब्येत?"

पलीकडे खणखणीत आवाजात काकूंना हाक, "अगं, हा तब्येत विचारतोय. बरी आहे ना गं माझी?"